जुनं फ्लेक्स मशिन, नवीन इको-सॉल्व्हंट की जॉबवर्क? तालुक्याच्या दुकानासाठी तुलना

१२ एप्रिलची रात्र होती. जयंतीचा वीस बाय दहाचा बॅनर मशिनवर चढवला होता, मागे भरीव निळा रंग. तीन फूट छपाई बाहेर आली आणि निळ्यात बोटभर अंतरावर एकेक पांढरी रेघ दिसायला लागली. सायन, म्हणजे निळ्या शाईच्या हेडचे नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) तुंबले होते. बॅनर न्यायला आलेली पोरं दारातच उभी. "भाऊ, निळा असा फाटल्यावानी काहून दिसायलाय?" चार वेळा हेड क्लीन केलं, फ्लेक्स वाया गेला तो गेलाच, आणि शेवटी बॅनर परभणीहून करून आणावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन दहा फुटी मशिनचं कोटेशन मागवलं.

ते मशिन मी घेतलं नाही. का घेतलं नाही आणि त्याऐवजी काय केलं, ते सेलू, माजलगाव, वसमत, उदगीरसारख्या गावांत एकाच जुन्या मशिनवर दुकान चालवणाऱ्यांसाठी लिहितो आहे. संभाजीनगर किंवा नांदेडच्या मोठ्या प्रेसचं गणित वेगळं असतं.

आधी वहीचं सांगतो, कारण माझा निर्णय तिनेच फिरवला. दोन महिने प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहिल्या: रुंदी किती, लोक किती लांबून बघणार, आणि काम आपण केलं, बाहेर पाठवलं की नाही म्हणून परत लावलं. तोवर मला वाटायचं की आपला धंदा म्हणजे दहा फुटी होर्डिंग. वहीत दिसलं की निम्म्याहून जास्त कामं सहा फुटांच्या आत बसतात. वाढदिवसाचे चार बाय सहा, दुकानांचे दोन-तीन फूट उंचीचे बोर्ड, क्लासेसचे स्टँडी, कृषी सेवा केंद्रांच्या काचेवरचं व्हिनाइल. आणि परत लावलेल्या कामांत रुंदीसाठी परत गेलेलं काम जवळपास नव्हतंच. बारीक अक्षरासाठी, स्टिकरसाठी, लॅमिनेशनसाठी गिऱ्हाईक परत जात होतं.

छपाईत फरक कुठे पडतो

माझ्या जुन्या सॉल्व्हंट मशिनवर, म्हणजे कडक द्रावकाच्या शाईच्या फ्लेक्स मशिनवर, कोनिकाचे '५१२' मॉडेलचे हेड आहेत, शाईचा थेंब ४२ पिकोलिटरचा. पंधरा-वीस फुटांवरून बघायच्या फलकाला हा थेंब उत्तम. वेग चांगला, शाई स्वस्त, उन्हातही रंग टिकतो. पण दवाखान्याचा बोर्ड आला की हेच मशिन कमी पडतं. एका डॉक्टरांनी डिग्रीची ओळ दोन बोटं दूर धरून वाचायचा प्रयत्न केला होता. "बालरोगतज्ज्ञ"मधला "ज्ज्ञ" म्हणजे नुसता काळा ठिपका झाला होता. देवनागरी जोडाक्षरांत रेघा इतक्या जवळ असतात की जाड थेंब त्या बुजवून टाकतो. इंग्रजी अक्षरात तीच छपाई खपून जाते, मराठीत नाही.

इको-सॉल्व्हंट म्हणजे सौम्य द्रावकाच्या शाईचं मशिन. त्याचा थेंब याच्या कितीतरी पट बारीक, वास सौम्य, आणि व्हिनाइलवर चेहऱ्याचा रंग नितळ येतो. पण हे मशिन फ्लेक्सच्या ढिगाऱ्यासाठी नाही. शाई महाग आणि वेग कमी. कंपनीच्या कागदावर जो ताशी वेग असतो तो बहुतेक वेळा कमी पासचा, म्हणजे एकाच जागेवरून हेडच्या कमी फेऱ्यांचा असतो. बोर्डासाठी सहा-आठ पास लावले की तो निम्म्यावर येतो. लॅमिनेशन करायचं तर छापलेलं व्हिनाइल आधी दिवसभर सुकू द्यावं लागतं. घाईत लॅमिनेट केलं की शाईतलं सॉल्व्हंट आत अडकतं आणि कडा उचलतात. "उद्या सकाळी नऊला पाहिजे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इको-सॉल्व्हंट मशिनमध्ये जुन्या मशिनची कडक सॉल्व्हंट शाई कधीही भरू नका. या मशिनांवर सहसा एपसनचे हेड असतात आणि कडक शाई हेडमधले चिकटवलेले जोड खाते. हेड निवडताना एक्सपी ६०० स्वस्त पडतो, पण तो मुळात घरगुती प्रिंटरसाठी बनलेला आहे. आय ३२०० मोठ्या मशिनसाठीच बनवलेला आहे आणि त्याचा इको-सॉल्व्हंटसाठीचा प्रकार ई १. कोटेशनवर हे अक्षर लिहून घ्या.

यूव्ही फ्लॅटबेड, म्हणजे अतिनील दिव्याने शाई सुकवणारं सपाट टेबलाचं मशिन, ॲक्रिलिक, एसीपी (ॲल्युमिनियमचा पत्रा), सनबोर्ड (फोमचा बोर्ड) यांवर थेट छापतं, पांढरी शाईसुद्धा देतं. तालुक्याला रोज तेवढं काम नसतं. आठवड्यातून दोन शीट जिल्ह्याला पाठवून करून घ्याव्यात.

दुरुस्ती की बदली

त्या एप्रिलच्या रात्रीचा दोष मी हेडवर टाकला होता. नंतर मेकॅनिकसोबत बसून एकेक गोष्ट उघडली तेव्हा शाईचा फिल्टर तुंबलेला निघाला, सायनची नळी कडक झालेली, आणि कूलरचा झोत थेट कॅरेजवर, म्हणजे हेड वाहून नेणाऱ्या गाड्यावर येत होता. पारा ४२ वर, हवा कोरडी, त्यात वारा. नोझलच्या तोंडावरच शाई सुकत होती. कूलरची दिशा फिरवली, फिल्टर आणि नळ्या बदलल्या, रात्री हेडखाली सॉल्व्हंटने भिजवलेलं कापड ठेवायला सुरुवात केली. रेघा गेल्या.

दुसरा शत्रू अर्थिंग. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्ड्यातलं मीठ-कोळसा सुकतं आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कोरड्या हवेत फ्लेक्सवर साठलेल्या स्थिर विजेला जायला वाटच राहत नाही. मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. दोन-तीनच्या वर असेल तर नवीन मशिन आणूनही आतले इलेक्ट्रॉनिक बोर्डच जळतील. माझ्याकडे तो अकरा निघाला. आता एप्रिल-मेमध्ये दर दोन-तीन दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो.

म्हणून माझं मत असं: जुन्या मशिनचे हेड जिवंत असतील तर दहा फुटीच्या जागी दहा फुटी घेऊ नका. हेडच गेले असतील, तर चारही हेडचं कोटेशन आणि मशिनची आजची विक्री किंमत शेजारी-शेजारी लिहा. दुरुस्ती त्या किमतीपेक्षा महाग पडली की ते मशिन सोडा.

हप्त्याचं गणित

समजा १० लाखांचं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण २२,२४४ रुपये. फ्लेक्सवर शाई, मटेरियल, लाइट वजा जाता चौरस फुटामागे ४ रुपये उरतात असं धरा. नुसता हप्ता भरायला महिन्याला ५,५६१ चौरस फूट, म्हणजे चार बाय सहाचे २३२ बॅनर. हे जुन्या कामाच्या वर, नवीन हवेत. आणि पितृपक्षातही हप्ता येतोच.

आता ६ लाखांचं सहा फुटी इको-सॉल्व्हंट, त्याच व्याजाने. हप्ता १३,३४७. लॅमिनेटेड व्हिनाइल बोर्डावर फुटामागे १२ रुपये उरले तर १,११२ चौरस फुटांत तो निघतो. आकडे तुमच्या वहीतले घाला, पण दोन्ही बाजूंना घाला. कर्जासाठी मुद्रा आणि अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना विचारून बघा. सेकंड-हँड मशिनला बँक सहसा हात लावत नाही, हेही लक्षात ठेवा.

फ्लेक्सवर पाच वर्षांचं कर्ज काढायला मी आणखी एका कारणाने घाबरतो. १ जुलै २०२२पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये सविस्तर आदेश दिले, आणि १३ मे २०२४ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जीव गेले. बोर्डाचं उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ला मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा कितीतरी दुकानदारांना पाटी नव्याने करावी लागली. बॅनर चार दिवसांत उतरतो, पाटी वर्षानुवर्षं दुकानावर राहते आणि तिच्यासाठी माणूस दोन पैसे जास्त देतो.

जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या प्रेसकडून छापून घेण्याला, कमी लेखू नका. महिन्यातून चार-पाचच मोठी होर्डिंग असतील तर फाइल दुपारी पाठवा, रोल संध्याकाळच्या एसटीने येतो. फक्त जयंती, निवडणूक आणि लग्नसराईत जिल्ह्याची प्रेस आधी स्वतःचं गिऱ्हाईक बघते. त्या दिवसांसाठी जुनं मशिन घरात चालू असणं फार मोलाचं आहे.

मी दिवाळीनंतर सहा फुटी घेतलं. जुनं भिंतीकडे सरकवलं, चालू ठेवलं. घ्यायच्या आधी डेमोला तीनदा गेलो. विक्रेत्याची फुलपाखरांची फाइल छापू देऊ नका, स्वतःची न्या. त्यात "ज्ज्ञ", "ष्ट्र", "द्ध", "ऱ्ह" दहा पॉइंटात घाला, एक माणसाचा चेहरा घाला आणि तीन फूट भरीव निळा घाला. नोझल चेक (कुठलं नोझल बंद आहे ते दाखवणारी छोटी छपाई) काढायला लावा, मग मशिन तासभर तसंच उभं ठेवून जेवून या. परत आल्यावर हेड क्लीन करू न देता दुसरा नोझल चेक काढायला सांगा आणि दोन्ही कागद घरी घेऊन या.