फॅमिली कोर्टात वकील की स्वतः? दोन्ही करून बघितलं, त्यावरून

आधी एक सांगतो, मी वकील नाही. मुलीच्या भेटीचा अर्ज आणि अंतरिम (केस चालू असेपर्यंतची) पोटगी असं दोन्ही माझ्या केसमध्ये होतं, त्यातलं पहिलं दीड वर्ष वकील होते आणि नंतरचं सगळं मी पार्टी इन पर्सन, म्हणजे वकील न लावता स्वतः, चालवलं. त्यामुळे जे लिहितोय ते एकाच केसवरून आहे, तुमची वेगळी असू शकते.

लोक पहिला हिशोब फीचा करतात. माझ्या मते नुसत्या फीसाठी वकील सोडू नका, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो, आणि कोर्टाच्या आवारातच बहुतेक ठिकाणी त्यांचं ऑफिस असतं. पैसे हे माझंही कारण नव्हतं.

माझं कारण एक वाक्य होतं. ‘इन्स्ट्रक्शन घेऊन सांगतो’, म्हणजे पक्षकाराला विचारून सांगतो.

एप्रिलची तारीख होती, मुलीच्या सुट्टीत भेट कशी द्यायची यावर बोलणं चाललं होतं आणि जज मॅडमनी सरळ विचारलं की शनिवारी मुलीचा क्लास किती वाजता सुटतो. आमचे वकील दुसऱ्या कोर्टात होते, त्यांचा ज्युनिअर उभा होता, त्याने फाईल चाळली आणि म्हणाला इन्स्ट्रक्शन घेऊन सांगतो. मी त्याच्या मागे दोन हातांवर उभा होतो, उत्तर माझ्या तोंडात होतं, साडेअकरा, पण वकीलपत्र (वकिलाला आपल्या वतीने उभं राहायचा अधिकार देणारा कागद) दाखल असताना मध्येच बोलायचं नसतं असं मला आधीच बजावलं होतं म्हणून गप्प राहिलो. तारीख पडली पाच आठवड्यांनंतरची. तोवर सुट्टी जवळपास संपली होती. त्या ज्युनिअरची चूक होती असं मी म्हणत नाही, त्याला ती फाईल सकाळीच मिळाली असणार, पण माझ्या मुलीचा शनिवार मला माहीत असताना तो दुसऱ्याला विचारला जातो हे मला नंतर सहनच होईना. पुढे मी स्वतः उभा राहिलो तेव्हा असे प्रश्न जागच्या जागी सुटायला लागले, कोण आणायला जाणार, आजी घरी असते का, डबा कोण देतं, सगळं. मोजून सांगता येणार नाही पण तारखा फुकट जायच्या कमी झाल्या हे नक्की.

आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे इथे वकील देणं हा हक्कच नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि गरज वाटली तर कोर्ट स्वतः न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार) नेमू शकतं. म्हणजे मूळ कल्पनाच अशी की पक्षकाराने स्वतः बोलावं. कलम 14 मुळे पुराव्याचे नियमही इतर कोर्टांपेक्षा सैल आहेत, एखादा कागद तांत्रिक कारणाने बाद होईल ही भीती कमी. पोटगीचं म्हणाल तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याचा नमुना निकालातच जोडलाय. तो मी तीन रात्री बसून भरला. माझा पगार, माझं कर्ज, माझ्या आईचं औषध, हे दुसरं कोण माझ्यापेक्षा बरोबर भरणार होतं?

आता वकिलाचं पारडं जिथे जड आहे तेही सांगतो. उलटतपासणी. ज्या माणसासोबत संसार केला त्याला पिंजऱ्यात उभं करून स्वतः प्रश्न विचारायचे हे फार जड जातं, आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी आपण भांडायलाच लागतो. मीही एकदा भडकून नको ते बोललो आणि ते रेकॉर्डवर गेलं, वकील असते तर ते शब्द त्यांच्यापाशीच अडले असते. शिवाय समोरून अर्ज आला की त्यावर ‘से’ (लेखी म्हणणं) वेळेत द्यायचा, रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) ई-कोर्ट्स या कोर्टाच्या वेबसाइटवर बघत राहायचा, नकला काढायच्या, प्रत्येक तारखेला सुट्टी टाकून पुकारा होईपर्यंत बसायचं, हे सगळं तुमच्याच अंगावर येतं. ज्याला नोकरीत अशी सुट्टी मिळत नाही त्याने आधी हाच विचार करावा.

सोबत फौजदारी केस चालू असेल, किंवा घराच्या मालकीचा वाद असेल, किंवा समोरचा माणूस तुम्हाला अजूनही घाबरवत असेल तर मात्र कृपया वकील ठेवा. अपील हायकोर्टात जातं, तिथे मी स्वतः उभा राहिलो नसतो. उलट संमतीने घटस्फोट असेल तर वकिलाचं काम फार थोडं, फक्त कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी) एकदा जाणकाराकडून नीट वाचून घ्या, कारण मुलांच्या भेटीचं ‘सोयीनुसार’ असं मोघम लिहिलं की पुढे त्यावरच भांडण होतं.

मी शेवटी काय केलं, तर अर्जाचे मसुदे आणि उलटतपासणीचे प्रश्न एका वकीलबाईंकडून बसून तयार करून घेतले, त्याचे पैसे दिले, आणि कोर्टात बोललो मी. माझ्यासारखी मुलांची केस असेल तर मी तरी याच वाटेने जा म्हणेन.

वकील बदलायचा किंवा काढायचा म्हटलं की ‘फाईल देणार नाही, आधी बाकी फी द्या’ हे ऐकायला लागू शकतं. घाबरू नका, फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. लेखी मागा, पोच घ्या, आणि वकीलपत्र काढून घ्यायचा अर्ज पुढच्या तारखेच्या आधीच टाकून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तुम्हालाच बोलता येईल.