स्थानिक संस्थांचे कार्यक्रम, स्वयंसेवा आणि नोकऱ्या एकाच ठिकाणी देणारी सेवा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आपल्या परिसरातील स्वयंसेवी संस्थांचे कार्यक्रम, तेथे हव्या असलेल्या स्वयंसेवकांच्या सूचना आणि नोकरीच्या रिकाम्या जागा या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी एक सेवा मी गेल्या मे महिन्यापासून मोबाइलवर वापरते आहे. तिचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडणार आहे त्या एकट्या तिच्यावर टाकणे अन्यायाचे होईल; त्यांतील निम्म्याहून अधिक चुका सूचना लिहिणाऱ्या संस्थांच्याच आहेत. हिशेबाच्या कामात बरीच वर्षे काढल्यावर स्वयंसेवी संस्थांच्या क्षेत्रात नोकरी शोधावी, या हेतूने मी ती घेतली होती. आठ महिन्यांत अकरा कार्यक्रमांना गेले, चार ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम केले आणि नऊ जागांसाठी अर्ज पाठवले. कार्यक्रमांसाठी ही सेवा उत्तम आहे, स्वयंसेवेसाठी पारखून घेतल्यास उपयोगी आहे आणि नोकरीसाठी एकटीच्या भरवशावर राहण्याजोगी नाही, असे माझे मत झाले आहे. तिचे खरे दुखणे मात्र या तिन्ही विभागांत सारखेच आहे : तेथे सूचना जन्माला येतात, पण मरत नाहीत.

हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळले. देणगीत आलेली पुस्तके वयोगटानुसार वेगळी करून खोक्यांत भरण्यासाठी ‘येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता’ माणसे हवी आहेत, अशी सूचना पहिल्याच पानावर होती. मी पावणेनऊलाच सभागृहापाशी पोहोचले, तर दाराला कुलूप होते आणि आवार झाडणारे एक गृहस्थ माझ्याकडे नवलाने पाहत होते. मोबाइलवरची सूचना दाखवल्यावर ते म्हणाले, “ताई, ते मागच्या वर्षी झालं. तुम्ही तिसऱ्या आहात.” सूचनेत तारीखच नव्हती, होता तो फक्त ‘येता शनिवार’, आणि येता शनिवार दर आठवड्याला येतोच. त्या दिवसापासून तारीख, वेळ आणि संपर्कासाठी एखाद्या माणसाचे नाव या तिन्ही गोष्टी नसतील, तर आधी दूरध्वनी केल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. पुढे एकदाही फेरी वाया गेली नाही, पण हा शहाणपणा वापरणाऱ्याला शिकावा लागणे हा सेवेचा दोषच होय.

कार्यक्रमांच्या विभागाविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. अंतर, वार आणि विषय निवडून ठेवले की दर गुरुवारी आठवड्याची यादी येते आणि ती वाचायला पाच मिनिटे पुरतात. मात्र ही यादी काही महिने सलग वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे संस्थांचे वर्ष जागतिक दिनांभोवती गोळा झालेले असते. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांच्या जन्मदिनी तो २००४ पासून पाळला जातो. त्या आठवड्यात माझ्या यादीत रक्तदान शिबिरांच्या सहा सूचना होत्या आणि ऑगस्टच्या अखेरीस एकही नव्हती. एका शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसले असताना रक्तपेढीच्या तंत्रज्ञांकडे मी सहज हा विषय काढला. त्यांनी सांगितले की तांबड्या पेशी नीट साठवल्या तरी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर ५ ते ७ दिवसांतच वापराव्या लागतात. शिवाय एकदा रक्त दिलेल्या माणसाला पुढचे जवळजवळ तीन महिने बोलावता येत नाही. म्हणजे एका आठवड्यातील सहा शिबिरांनी पुढच्या महिन्यांतील दातेही आधीच खर्च करून टाकलेले असतात. सगळ्या संस्थांचे कार्यक्रम एकाच दिनदर्शिकेवर दिसण्याचा खरा लाभ येथे होता, कारण ती गर्दी संस्थांनाही दिसू शकली असती. पण सूचना टाकताना संस्थेला इतरांच्या तारखा दिसतच नाहीत, असे त्या शिबिराच्या आयोजकांकडून कळले.

सप्टेंबरमध्ये हाच प्रकार स्वच्छता मोहिमांचा होतो. २० सप्टेंबर हा जागतिक स्वच्छता दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये मान्य केला. त्यामागची चळवळ मात्र २००८ मध्ये एस्टोनियात सुरू झाली, जेथे सुमारे ५० हजार लोकांनी एका दिवसात १० हजार टनांच्या आसपास बेकायदा टाकलेला कचरा उचलला होता. त्या दिवसाआधी कचरा नेमका कोठे पडला आहे याचे नकाशे त्यांनी कित्येक महिने खपून तयार केले होते, हा भाग आपल्याकडे येईपर्यंत गळून जातो. मी गेले त्या दोन मोहिमांपैकी पहिलीच्या सूचनेत हातमोजे कोण देणार, ओला आणि सुका कचरा कोठे ठेवायचा आणि भरलेल्या गोण्या किती वाजता कोणाची गाडी नेणार, हे सारे लिहिलेले होते, आणि साडेदहाला जागा खरोखर मोकळी झाली होती. दुसरीच्या सूचनेत प्रमुख पाहुण्यांची नावे होती. तेथील गोण्या चार दिवसांनीही रस्त्याच्या कडेला तशाच पडून होत्या आणि कुत्र्यांनी त्यांतल्या निम्म्या फोडल्या होत्या. सूचना वाचूनच संस्था ओळखता येते हे मला तेव्हा पटले, आणि नोकरीच्या जाहिरातींनाही पुढे मी हीच फूटपट्टी लावली.

स्वयंसेवेच्या विभागात आणखी एक विषमता दिसते. रविवारी सकाळच्या कामांना माणसे ओसंडून वाहतात. झाडे लावण्याच्या एका कार्यक्रमात रोपांपेक्षा हात अधिक झाल्याने आम्ही काही जण नुसतेच पाण्याचे डबे इकडून तिकडे नेत होतो. याउलट मंगळवारी दुपारी ३ वाजता वृद्धाश्रमात वाचून दाखवण्याची सूचना अकरा आठवडे तशीच होती. दृष्टिहीनांना व्हिडिओ कॉलवरून मदत करणारे ‘बी माय आइज’ हे २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेले ॲपही मी याच काळात घेतले. तेथे स्वयंसेवक इतके आहेत की कॉल येण्याची वाट पाहावी लागते. घरबसल्या पाच मिनिटे द्यायला लाखो लोक तयार असतात, ठरावीक वारी ठरावीक ठिकाणी येणारा एक माणूस मात्र मिळत नाही. या सेवेने ‘तातडीने हवे’ असा शिक्का केवळ नव्या सूचनांवर मारण्याऐवजी जेथे कोणीच नोंदणी केलेली नाही तेथे मारला, तर बरीच सोय होईल.

मला सर्वांत समाधान देणारे काम याच विभागात मिळाले, ते म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होण्याचे. सूचना चार ओळींचीच होती, पण परीक्षेचा दिवस, तास, विषय, लेखनिकाची शैक्षणिक पातळी आणि आदल्या दिवशी एक तास ओळखीसाठी यावे लागेल हे सारे तीत होते. त्या एका तासात समन्वयक बाईंनी आम्हाला फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : विद्यार्थी सांगेल तेच लिहायचे, आपल्याला येते ते नाही. प्रत्यक्ष परीक्षेत हे किती अवघड आहे ते कळले. हिशेबाच्या एका उदाहरणात त्या मुलीने घसारा चुकीच्या बाजूला सांगितला, माझा पेन जागच्या जागी थबकला, आणि तिला ते लगेच जाणवले. “मावशी, थांबलात का? चुकलं का काही?” असे तिने विचारले. मी “पुढे सांग,” एवढेच म्हणाले आणि तिने सांगितले तसे लिहिले. थांबणे हीसुद्धा एक सूचनाच झाली होती, हे घरी येताना लक्षात आले; पुढच्या पेपरला मी एकसारख्या गतीने लिहिण्याची सवय करूनच गेले. त्यानंतर आणखी तीन पेपर लिहिले.

मुलांबरोबर काम करायचे असेल तेथे ओळखपत्र, दोन परिचितांची पत्रे आणि पोलिसांकडील पडताळणी मागितली जाते. सुरुवातीला याचा मला रागच आला होता. फुकट काम करायला आलेल्या माणसाची एवढी चौकशी कशाला, असे वाटले. नंतर ज्या अभ्यासिकेत शिकवायला गेले तेथे कोणत्याही खोलीत एका मुलाबरोबर एकटी प्रौढ व्यक्ती राहायची नाही हा नियम काटेकोरपणे पाळलेला पाहिला आणि राग ओसरला. आता मुलांसाठी स्वयंसेवक मागणारी संस्था जर काहीच विचारत नसेल, तर तीच सूचना मी वगळते.

ज्या सूचनांवर माझा खरा आक्षेप आहे त्या वेगळ्याच आहेत. सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते सायंकाळी ६, किमान सहा महिने, उपस्थिती सक्तीची, संगणकावर टंकलेखन आवश्यक, मोबदल्यात प्रमाणपत्र : अशा मजकुराची सूचना ‘स्वयंसेवा’ या विभागात असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये स्वयंसेवेची जी व्याख्या ठरवली, तीत दोन अटी मुख्य आहेत : काम विनामोबदला इतरांसाठी असावे आणि ते सक्तीचे नसावे. पहिली अट पाळून दुसरी विसरणाऱ्या या संस्थांना खरे तर कारकून हवा आहे आणि पगार द्यायचा नाही. अशा दोन सूचनांविषयी मी सेवेकडे तक्रार केली. एक काढली गेली, दुसरी ‘अनुभव मिळवण्याची सुवर्णसंधी’ अशा नव्या मथळ्याने परत आली.

नोकऱ्यांच्या विभागात जागा मोजक्याच असतात आणि त्यांत प्रकल्प समन्वयक, क्षेत्र कार्यकर्ता, लेखापाल, समुपदेशक ही पदे पुन्हा पुन्हा दिसतात. १९९५ पासून चालू असलेल्या ‘आयडियलिस्ट’सारख्या मोठ्या संकेतस्थळाशी तुलना केली तर येथील पसारा अगदीच लहान आहे, पण तेथे जवळपासची छोटी संस्था सापडणे कठीण, आणि येथे तीच सापडते. नऊ अर्जांपैकी पाचांना उत्तर आले, दोन ठिकाणी मुलाखत झाली. बहुतेक जाहिरातींत पगाराच्या जागी ‘अनुभवानुसार’ एवढेच असते, आणि त्याहून महत्त्वाची माहिती तर कोठेच नसते : हे पद कोणत्या अनुदानावर उभे आहे आणि ते अनुदान कधी संपते. मला देऊ केलेली लेखापालाची जागा मी याच कारणाने नाकारली. मुलाखतीच्या शेवटी मी विचारल्यावर संचालकांनी प्रांजळपणे सांगितले की निधी मार्चपर्यंतच मंजूर आहे, पुढचे अजून ठरलेले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर वाटला, पण ही ओळ जाहिरातीत असती तर आम्हा दोघांची दुपार वाचली असती. एका जाहिरातीने नोंदणीसाठी आधी पैसे भरायला सांगितले होते. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही, त्यामुळे तिचा विचार तेथेच संपला. ती दोन दिवसांत हटवलीही गेली, हे सेवेच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

सोयींबाबत थोडक्यात सांगते. अंतर सरळ रेषेत मोजले जात असल्याने मध्ये नदी किंवा लोहमार्ग असला की दोन किलोमीटरचे सात होतात. दिलेल्या तासांची नोंद आपोआप ठेवली जाते आणि संस्थेने दुजोरा दिला की ती अर्जाला जोडता येते. दोन्ही मुलाखतींत माझ्या शिक्षणाबद्दल नव्हे, तर या नोंदीबद्दल विचारणा झाली. सूचनांचा भडिमार पहिल्या आठवड्यात असह्य होतो, तो आठवड्यातून एकदाच येईल असा पर्याय निवडल्यावर थांबतो. डिसेंबरमध्ये, ५ तारखेच्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनाच्या सुमारास, तो आपोआप पुन्हा सुरू झाला होता.

नोकरी मला अजून मिळालेली नाही. ज्या संस्थेची जागा नाकारली तिच्याच वह्या मी सध्या महिन्यातून दोन शनिवार पाहते, कारण त्यांचे लेखापरीक्षण तोंडावर आहे आणि पावत्या तारखेप्रमाणे लावायलाही तेथे माणूस नाही. सूचनेला अंतिम तारीख घालणे सक्तीचे करावे आणि ती उलटताच सूचना काढून टाकावी, अशी विनंती मी सेवेकडे तीनदा केली आहे. तिन्ही वेळा आभाराचे उत्तर आले. पुस्तके खोक्यांत भरण्यासाठी येत्या शनिवारी माणसे हवी असल्याची सूचना आज सकाळीही पहिल्या पानावर होती आणि तिच्याखाली चार नवी नावे नोंदलेली होती.