माळ्यावरचा मोडी रुमाल: स्कॅनर, फोन की संस्था?

वाडा पाडायच्या वेळी माळ्यावरून एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, खाली येतो. गाठ सोडली की कसरीची पूड आणि पाच-पन्नास मोडी कागद. आता?

स्कॅनरवर सगळ्यांचा भरवसा. सुट्या, सपाट कागदाला तो उत्तमच. ६०० डीपीआयला बोरूचा फराटासुद्धा उमटतो. पण मोडी कागद बहुधा लांबट, घड्यांचा, कधी जोड देऊन वाढवलेला. ए-४ काचेवर तो मावत नाही आणि झाकण दाबलं की घडीवर तुकडा पडतो. अशा कागदाला मी फोनच घेईन: स्टँडवर, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, कडेला फूटपट्टी. स्कॅनिंग अ‍ॅपचा काळा-पांढरा फिल्टर मात्र नको. आमच्या एका पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’चा, म्हणजे मजकूर इथे संपला असं सांगणारा, फिकट शिक्का होता, फिल्टरने तो डाग समजून पुसला. सगळा रुमाल पुन्हा सोडावा लागला.

फोटो ठेवायचे कुठे? गूगल ड्राइव्ह सोयीचा, पण एका माणसाच्या खात्याला बांधलेला. दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं. खातं आजोबांच्या नावावर असेल तर विचार करा. इंटरनेट अर्काइव्ह हे सगळ्यांना खुलं डिजिटल ग्रंथालय १९९६ पासून चालू आहे, तिथे मोडी जाणणारा एखादा वाचकही भेटू शकतो. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त परवान्याच्या चित्रसाठ्यात, टाकाल तर कोणी ते छापून विकलं तरी तक्रार करता येत नाही. वाटणीचे कागद, ज्यांवरून भाऊबंदांत अजून धुसफूस आहे, ते दोन्हीकडे नकोत.

राहिले मूळ कागद. असेच रुमाल शोधत इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. घरी ओल असेल, वाळवी असेल तर अशा संस्थेला विचारा. दिलेले कागद सहसा परत येत नाहीत, म्हणून आधी फोटो, मग यादी, यादीवर पोच. लॅमिनेशन करून ‘टिकवलेले’ कागद मात्र तिथलेही लोक हताशपणे बघतात.

आणि गाठ सोडायच्या आधी रुमालाचा एक फोटो घ्या. कागद ज्या क्रमाने बांधलेत त्याच क्रमाने फाइलींना आकडे द्या. मोडी येत नसली तरी एवढं जमतं. आकडा चिठ्ठीवर लिहा, कागदावर नको.