क्लबच्या रेसला इल्का कशी आहे? एकट्याने चालवायच्या डिंगीचा सविस्तर आढावा

क्लबच्या रेसमध्ये नव्याने उतरणाऱ्याने कोणती बोट घ्यावी, याला आमचं उत्तर इल्का. २०१९ पर्यंत हीच बोट लेझर म्हणून ओळखली जायची. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही डिंगी, म्हणजे छोटी उघडी शिडाची होडी, १९७१ मध्ये बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लांबी सुमारे ४.२ मीटर, नुसत्या हलचं (शीड-काठी सोडून बोटीच्या मूळ अंगाचं) वजन सुमारे ५९ किलो. एक शीड, एक माणूस. वर्गाचे, म्हणजे या प्रकारच्या बोटींसाठीचे, नियम कडक असल्याने सगळ्यांच्या बोटी जवळपास सारख्याच असतात. त्यामुळे पुढे कोण जाणार हे चालवणाऱ्यावर ठरतं, आणि शिकणाऱ्याला याहून चांगलं काही नाही.

हल एकच, पण शिडं तीन: इल्का ४ चं ४.७ चौरस मीटर, इल्का ६ चं ५.७ च्या आसपास, इल्का ७ चं ७.०६. डोलकाठीचा वरचा भाग आणि बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) तिन्हींना तेच चालतात. बदलतो तो खालचा भाग. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला बोट बदलावी लागत नाही, शीड आणि खालची काठी घेतली की झालं. ढोबळमानाने ५५ किलोपर्यंत चार, ५५ ते ७० सहा, ७५ च्या पुढे सात. मधल्या वजनाच्या माणसाने लहान शीड घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. हौशी माणसाची मांडी आणि पाठ जोरदार वाऱ्यात बोटीबाहेर झुकून बसताना वीसेक मिनिटांतच बोलायला लागते. मोठ्या शिडातला वारा सोडून देत बसण्यापेक्षा लहान शीड पूर्ण ताकदीने चालवलेलं केव्हाही बरं.

बहुतेक जण जुनी बोट घेतात, तेव्हा खरी पारख डोलकाठीच्या खाचेत होते. खाच पाण्याने काठोकाठ भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर पाणी हलमध्ये झिरपतंय, आणि ही दुरुस्ती सोपी नसते. खाचेत साचलेली वाळू काठीच्या बुडाबरोबर दळली जाऊन तळ झिजवते, म्हणून प्रत्येक वेळी काठी रोवण्याआधी खाच धुवायची. मग खालची काठी रोवून वरून हलवून बघा. डेक करकरला किंवा बूड हललं तर बोट सोडून द्या. वरची काठी सपाट फरशीवर लोळवा, वाकलेली असेल तर लगेच दिसतं. अॅल्युमिनियमच्या काठीत प्लॅस्टिकच्या कॉलरचा (दोन भाग जुळतात तिथल्या कड्याचा) रिव्हेट हा सगळ्यात नाजूक बिंदू, तिथे केसाएवढी भेग असली तरी ती काठी जोराच्या वाऱ्यात मोडणार. कार्बनची वरची काठी आता नियमात बसते आणि जमत असेल तर तीच घ्यावी. सुकाणूचा बोल्ट, टिलरचा (सुकाणू फिरवायच्या दांड्याचा) ढिलेपणा आणि पाय अडकवायच्या पट्ट्याची मागची दोरीही तपासा. ती दोरी झिजून तुटली की माणूस पाठीवर पाण्यात पडतो.

रिगिंग, म्हणजे काठी, शीड आणि दोऱ्या लावणं, दहा-पंधरा मिनिटांत होतं. ट्रॅव्हलर (पिछाडीवरची आडवी दोरी) मात्र नेहमी कडक ताणा. तो सैल राहिला की मेनशीटचा (शीड ओढायच्या-सोडायच्या मुख्य दोरीचा) ब्लॉक, म्हणजे कप्पी, पिछाडीच्या कोपऱ्यापर्यंत सरकत नाही, मध्येच राहतो. सुकाणूची खाली ओढायची दोरीही तितकीच घट्ट हवी. पातं थोडंसं जरी मागे कललं तरी टिलर जड होतो आणि बोट वाऱ्याकडे वळायला बघते. डोलकाठी हलला बांधून ठेवणारी दोरी विसरू नका. बोट पूर्ण उलटली तर काठी खाचेतून निसटते, आणि वर्गाच्या नियमातही ही दोरी सक्तीची आहे.

व्हँगची (बूम खाली खेचून धरणाऱ्या दोरीची) सुरुवातीची खूण अशी: मेनशीट इतकी ओढा की मागचे दोन्ही ब्लॉक एकमेकांना टेकतील, आणि त्या स्थितीत व्हँगमधला ढिलेपणा काढून टाका. इथून पुढे वाऱ्यानुसार कमीजास्त करायचं. वारा वाढला की आधी कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ओढा. शिडाचा फुगवटा पुढे सरकतो, मागची कड वरच्या बाजूला उघडते आणि बोट सरळ उभी राहते. नवखे लोक इथे हात राखतात, प्रत्यक्षात भरपूर ओढावं लागतं.

आता बोटीचे खोडसाळ स्वभाव. जाइब करताना, म्हणजे वारा मागून असताना शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेताना, मेनशीट पिछाडीच्या कोपऱ्यात अडकते. बूम मध्यावर येण्याच्या क्षणी शीटला एक झटका दिला की ती सुटते. हा झटका हातात बसेपर्यंत बोट उलटत राहणार. पाठवाऱ्यावर डॅगरबोर्ड (हलमधून पाण्यात खाली जाणारी फळी) फार वर घेतला तर व्हँग किंवा बूम त्यावर आदळते. व्हँग फार सैल आणि बूम फार बाहेर असेल तर शिडाचा वरचा भाग पुढे वळतो आणि बोट वाऱ्याच्या बाजूला लोळायला लागते. अशा वेळी शीट सोडायची नाही, ओढायची. बूम खूप खाली आहे, त्यामुळे डोकं सांभाळा. गुडघे दुखरे असतील तर ही बोट तुमच्यासाठी नाही.

स्टार्टलाही बोट आपली परीक्षा घेते. नेहमीच्या क्रमात ५ मिनिटांवर वर्गाचं निशाण, ४ वर तयारीचं निशाण, १ मिनिट राहिलं की तयारीचं निशाण खाली, आणि शून्यावर सुरुवात. हलकी असल्याने इल्का शीड सोडून रेषेजवळ उभी करता येते, पण आडवी घसरत राहते. म्हणून वाऱ्याखालच्या बाजूला एका बोटीएवढी जागा राखा, शेवटच्या दहा सेकंदांत त्याच जागेत बोटीचं पुढचं टोक वाऱ्याखाली वळवून वेग घ्यायचा असतो. जागा नसेल तर बोट उभीच राहते आणि इतरांच्या शिडांनी बिघडवलेला वारा खात बसते. नियमभंग झाला तर बोटीने स्वतःभोवती दोन पूर्ण फेऱ्या, खुणेला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोयाला) स्पर्श झाला तर एक. त्या लगेच आणि इतरांपासून दूर जाऊन घ्या.

मिश्र ताफ्यात पोर्ट्समथ पद्धतीने (प्रत्येक प्रकारच्या बोटीला तिच्या वेगानुसार एक अंक दिलेला असतो) निकाल लागत असेल तर लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले बोटीचा अंक, असा हिशेब होतो. सरावाला नक्कल शीड चालेल, क्लबही बहुधा हरकत घेत नाही. पण वर्गाच्या अधिकृत स्पर्धेत ते बाद ठरतं.

रेस संपली की गोड्या पाण्याने धुवा, पिछाडीचं बूच उघडा, शीड गुंडाळा, घडी घालू नका. डोलकाठीचे दोन भाग त्याच दिवशी वेगळे करा. मीठ सुकून ते घट्ट बसलेच, तर खालच्या भागाच्या तोंडावर गरम पाणी ओता आणि दोघांनी विरुद्ध दिशांना पिळा.