फेअर वर्कचे पे कॅल्क्युलेटर: मेलबर्नमधल्या विद्यार्थिनीचा अनुभव

ऑगस्ट २०२५ मध्ये मेलबर्नला शिकताना मला एका उपाहारगृहात भांडी घासण्याचे आणि भाजी चिरण्याचे काम मिळाले. मालकांनी तासाला १८ डॉलर रोख देऊ केले. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि लगेच होकार दिला. हा हिशेब आपल्यापैकी बहुतेक जण करतात, आणि नेमका तिथेच घात होतो. दोन महिन्यांनी घरातल्या मैत्रिणीने फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाचे पे कॅल्क्युलेटर उघडून दिले, तेव्हा मी किती कमी पैशांत राबत होते ते कळले.

हे साधन विनामूल्य आहे. व्यवसाय, वय, कामाचा प्रकार आणि कामाची पायरी एवढी माहिती भरली की तासाचा किमान दर समोर येतो. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीचे वाढीव दरही वेगळे दिसतात. १ जुलै २०२५ पासून प्रौढांचे राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले असून पगारी रजा नसलेल्या कॅज्युअल कामगाराला त्यावर साधारणपणे २५ टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे दर ३१ डॉलरच्या पुढे जातो. माझ्या पाकिटात त्याच्या जेमतेम साठ टक्के पडत होते.

पायरीच्या प्रश्नापाशी मात्र घाई करू नये. तिथे हुद्द्याच्या नावापेक्षा आपण प्रत्यक्ष काय करतो हे महत्त्वाचे असते, म्हणून तिथली वर्णने दोनदा वाचावीत. शिवाय हे साधन दर सांगते, वसुली करत नाही. त्यासाठी पुरावा आपल्यालाच जपावा लागतो. ट्राममध्ये बसल्याबसल्या मी छोट्या वहीत रोजची सुरुवातीची आणि सुटण्याची वेळ लिहीत असे. ओल्या हातांनी पाने सुरकुतली होती, पण तीच वही पुढे कामी आली.

सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासच काम करण्याची मर्यादा आपण पाळायलाच हवी. पण व्हिसाची भीती घालून कमी पैशांत राबवून घेणे हा १ जुलै २०२४ पासून फौजदारी गुन्हा आहे, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला विमानात बसण्यापूर्वी माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

कॅल्क्युलेटरच्या पानाची छापील प्रत आणि वही मी मालकांसमोर ठेवली. पुढच्या आठवड्यापासून दर योग्य झाला आणि पगारपत्रकही मिळू लागले. मागच्या दोन महिन्यांचा फरक अजून बाकी आहे. तो मागण्यास सहा वर्षांची मुदत असते. मागणीपत्राचा नमुना त्याच संकेतस्थळावर मिळाला, आणि तो भरून मी कालच मालकांच्या हाती दिला आहे.