वडशाचं ड्रेपरीचं दुकान आणि ‘येडी (लेडीज)’ची पिशवी

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागतो. मंडई (गावची जत्रा) असो, शंकरपट (बैलांची शर्यत) असो, गावात नाटक हवंच. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. मोठ्या मंडळ्यांकडे स्वतःची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, केस आणि बाकी सामान असतं, पण आमच्यासारख्या गावच्या हौशी मंडळाला सगळं भाड्याने आणावं लागतं. यंदा ते काम माझ्याकडे आलं, कारण मुख्य भूमिकाही माझीच होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाटकात उभी राहायची ही दुसरी वेळ. पुढच्या हंगामात कुणाला उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

दुकानाला पाटी नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. दोरीवर वाळत घातलेले शेले दिसले की तेच समजायचं. ऐतिहासिक नाटक असेल तर डोळे झाकून इथे जा. अंगरखे धुतलेले, जिरेटोपाची जर शाबूत, तलवारींच्या मुठी पक्क्या. राजा-सरदारांचा माल हे लोक जिवापाड जपतात. बायकांसाठी कपडे घालून बघायला मात्र जागा नाही. एक पडदा आहे, तोही खालून हातभर उघडा. हे मी दुकानवाल्या काकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मुलाला लगेच दुसरं लुगडं आणून बांधायला लावलं.

काकांनी विचारलं, “भूमिका कोन्ती हाय मॅडम?” मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झालेली सून आहे. त्यांनी मान वर न करताच फळीवरून एक पिशवी ओढली. पिशवीवर स्केचपेनने लिहिलेलं: ‘येडी (लेडीज)’. “समदं यातच हाय. केस, साडी, रक्त. तीनशे रुपये रात्र, पाचशे डिपॉझिट.”

मी पिशवी तिथेच जमिनीवर उपडी केली. कमरेच्या खाली येणारा, मुद्दाम गुंता राखलेला विग. त्याला डिंकाचा आणि जुन्या घामाचा उग्र वास. पांढरी साडी, पदर कात्रीने कापून फाटका केलेला. कपाळभर कुंकू फासायला स्पंजचा तुकडा. लाल रंगाची बाटली. बूच सैल असल्यामुळे साडीवर आधीच्या किती प्रयोगांचे डाग पडले होते कोण जाणे. “आणि वेड्या माणसाचा सेट?” मी विचारलं. तो नसतो म्हणाले. गड्याला कोणताही फाटका सदरा चालतो.

ती साडी हातात घेतली आणि मला ‘लुचिया दी लामेरमूर’ या ऑपेरातली, म्हणजे गाण्यांतूनच घडणाऱ्या नाटकातली, लुचिया आठवली. एम.ए.ला इंग्रजी साहित्य होतं तेव्हा तिची ओळख झाली, पुढे फोनवर कितीदा ऐकली याला गणती नाही. इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा हा ऑपेरा १८३५ साली इटलीतल्या नेपल्सला पहिल्यांदा झाला. घराण्याची पडती बाजू सावरायला भाऊ खोटं पत्र दाखवून बहिणीचं लग्न भलत्याशीच लावून देतो. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला भोसकते आणि रक्ताने भरलेल्या पांढऱ्या कपड्यात, केस सोडून, सगळ्या वऱ्हाडासमोर येऊन उभी राहते. मग पाव तास, कधी त्याहून जास्त, ती गाते. सोबतीची बासरी तिच्या आवाजाला बिलगून चढते, उतरते. दोनिझेत्तीने ती जागा आधी बासरीसाठी लिहिलीच नव्हती. ती होती काचेच्या हार्मोनिकाची. ओल्या बोटांनी काचेच्या वाट्या घासून वाजवायचं वाद्य, आणि ते ऐकून माणसाला वेड लागतं अशी तेव्हाची वदंता.

हा ऑपेरा वॉल्टर स्कॉटच्या १८१९च्या कादंबरीवर बेतलेला आहे. तिथे हीच मुलगी शेकोटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली सापडते आणि काय म्हणते? उचला तुमचा देखणा नवरदेव. बस, एवढंच. तिथे नवरदेव जगतोसुद्धा. कादंबरीत एवढंसं बोलणाऱ्या मुलीला ऑपेराने पाव तासाचं गाणं दिलं, यासाठी मी दोनिझेत्तीची ऋणी आहे. ते गाणं ऐकून मी रडलेही आहे. पण ती इतकी सुरेख गाते, की खोटं पत्र आपण विसरून जातो. भावाला पश्चात्ताप होतो तोही तिची ही दशा बघितल्यावर. पुढे १८४६ मध्ये दोनिझेत्तीलाच पॅरिसजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. त्याचं बोलणं जवळजवळ थांबलं, आणि १८४८ मध्ये तो आपल्या बेर्गामो गावी वारला. खरं आजारपण हे असं होतं. त्यात उंच स्वर नव्हते.

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ कादंबरीमधली बर्था, नायकाची पहिली बायको, तर माळ्यावर कोंडलेली. ती हसते, गुरगुरते, चावते. वाचकासमोर स्वतःच्या तोंडाने एक वाक्य बोलत नाही. १८४७च्या त्या बाईला आपली बाजू मांडायला जीन रीसच्या १९६६च्या कादंबरीपर्यंत थांबावं लागलं. आणि आपल्याकडे? महानुभाव पंथ ज्यांना मानतो त्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक ‘राऊळ वेडे’ म्हणत, आणि त्याच तोंडाने ‘राऊळ माय, राऊळ बाप’ही म्हणत. महानुभावांनी त्यांच्या एकेक लीळा, म्हणजे आठवणी, लिहून ठेवल्या. आपल्याच विदर्भात एका वेड्या म्हटलेल्या पुरुषाचं बोलणं-वागणं सव्वासातशेहून अधिक वर्षांपूर्वी जपून ठेवलं गेलं, याचा मला अभिमान आहे. पण गावोगाव ज्या बायांना येडी म्हटलं, त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही.

आमच्या घरांना माळा नसतो, कोठा (गुरांचा गोठा) असतो. माझी मोठी आई बाळंतपणानंतर कोठ्यात राहायची. बाळ पंधराव्या दिवशी गेलं होतं. कुणी म्हणालं बाहेरची हवा लागली, कुणी अंगारा आणला, कुणी दोर. दवाखान्यात नेलं, पण फार उशिरा. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते, तिची भाकर नेऊन द्यायचं काम माझं. तिचे केस कधी मोकळे नव्हते. तेल लावून, कानाच्या मागून घट्ट ओढून वेणी घातलेली. पदराला सेफ्टी पिना असायच्या, मी मोजल्या होत्या, अकरा. खांद्यावर चार, कमरेशी तीन, बाकीच्या काखेपासून खाली ओळीने. पदर ढळला तर लोक काय म्हणतील, ही भीती तिला शेवटपर्यंत सोडून गेली नाही. आणि ती वेळ विचारायची. “किती वाजले वं बाई?” बाळाला पाजायची वेळ टळेल म्हणून. मी सांगायची, ती मान हलवायची, आणि बैल शेपटी हलवायच्या आत पुन्हा विचारायची.

हे सगळं मी त्या दुकानात, उघड्या ट्रंकेवर बसून काकांना सांगितलं. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. विग उचलून पिशवीत टाकला, आत गेले आणि एक साधी निळी सुती साडी घेऊन आले, धुतलेली, इस्त्री केलेली. म्हणाले, “हे घेऊन जा. माह्या बहिनीचंबी असंच होतं.” त्याच्या पुढे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पिना मी बाहेरच्या दुकानातून घेतल्या, डझनाचं पाकीट.

प्रयोगाच्या रात्री तिसऱ्या अंकात मी आले तेव्हा पोरं हसायच्या तयारीने पुढे सरकलेली दिसत होती. ‘येडी’ आली की हसायचं, हे त्यांना पाठ झालेलं आहे. मी वेणी घालून, अकरा पिना लावून आले आणि कडेला बसले. संवाद ठरलेला होता, पण समोर बसलेला प्रॉम्प्टर पान शोधत राहिला. मी तबल्याकडे बघून विचारलं, “किती वाजले?” अंधारातून एका बाईने खरंच उत्तर दिलं, “पावणेतीन.” मी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तीच बाई म्हणाली, “पावणेतीनच वाजले, माय.” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणीच बोललं नाही. पोरंसुद्धा. ऑर्गनवाल्याने सुरांवर ठेवलेला हात उचलून घेतला. पुढे प्रॉम्प्टरला पान सापडलं आणि नाटक चालू झालं.

अंक संपल्यावर आमच्या सूत्रधाराने माइकवर टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मोफत हेल्पलाइनचा, नंबर वाचला, १४४१६. हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्याने दोनदा वाचला. चहाच्या टपरीजवळ एक माणूस तो नंबर तंबाखूच्या पुडीवर लिहून घेताना दिसला.

आता हिशोब. साडीचे दीडशे घेतले, तीनशे नाहीत. परत करताना पिनांची बारीक छिद्रं उजेडात दिसत होती, त्याचे पन्नास डिपॉझिटमधून कापले. ते रास्तच होतं. बाकीचे लगेच हातात ठेवले. विग आणि रंगाची बाटली मात्र घेऊ नका. वास जात नाही आणि बूच गळतं, अंगावरचे कपडे खराब होतात. पडदा आता पूर्ण आहे, तरी सोबत बाईमाणूस न्या. मंडईच्या आठवड्यात दुपारनंतर गेलात तर उरलेलंच मिळेल, सकाळी नऊच्या आत पोचा. माझ्याकडून पाचपैकी चार.

रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे काकांनी मालाचा तपशील लिहिला, तो मी सही करताना वाचला: ‘साडी निळी १. येडी लेडीज, केस बांधलेले.’ ‘येडी’ खोडून ‘सून’ लिहा, असं मी म्हटलं. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं.