कार्बन फायबरचा सिलिंडर: कृष्णेत काही महिने वापरल्यानंतर

परवा आमचा पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेचा सिलिंडर भरून आला तो पुन्हा 200 बारवरच (बार म्हणजे दाबाचं माप). काटा बघितला आणि ठरवलं, आता लिहायचंच.

2019 च्या महापुरानंतर सांगलीत आम्ही काही जणांनी नदी-बचावाचा गट उभा केला. पुरात बुडी कोणी मारत नाही, तेव्हा होड्याच. आमचं काम पाणी ओसरल्यावर आणि उन्हाळ्यात, डोहांत. त्यासाठी वर्गणी काढून 6.8 लिटर, 300 बारचा कार्बन फायबरचा सिलिंडर घेतला. विक्रेता फोनवर म्हणाला होता, "300 बार आता सगळीकडं भरून मिळतं, साहेब." आम्ही भरतो तिथला कॉम्प्रेसर 200 च्या पुढं जात नाही. विक्रेत्याला कळवलं तर म्हणाला, व्हॉल्व्ह बदलून देतो, पैसे पडतील. कॉम्प्रेसर चढत नाही त्याला व्हॉल्व्ह काय करणार? वर्गणीच्या पैशाला असं उत्तर मिळालं की राग येतोच.

हिशोब साधा आहे. 200 बारला यात 1360 लिटर हवा. आमचा जुना 11.1 लिटरचा ॲल्युमिनियमचा तेवढ्याच दाबाला 2220 लिटर देतो. पाण्याबाहेर श्वासाला मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर दहा मीटर खोलीवर 40 लागतात. 50 बार राखून ठेवले की नव्यात पंचवीस मिनिटं, जुन्यात चाळीस. गाळात हातानं चाचपडत शोधायचं असतं तेव्हा ही पंधरा मिनिटं फार मोठी असतात. आणि पूर्ण 300 भरला तरी हवा 6.8 गुणिले 300 एवढी बसत नाही. त्या दाबाला हवा तितकी दबत नाही, साधारण दहावा हिस्सा कमी भरतो.

पण माझं खरं भांडण शिशाशी आहे. हा सिलिंडर भरलेला असतानाही तरंगतो. हवा संपत आली की वरची ओढ चार किलोंच्या पुढं जाते, म्हणजे फक्त सिलिंडर खाली ठेवायला पाचेक किलो शिसं. ते कमरेच्या पट्ट्यात घातलं तर कंबर खाली आणि पाठ वर, चेहरा गाळाकडं. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. बाभळीच्या फांद्यात नाहीतर टाकून दिलेल्या जाळ्यात अडकलं की सिलिंडरचा सगळा सेट पाठीवरून काढून सोडवावा लागतो. त्या वेळी शिसं कमरेला असेल तर सिलिंडर वर पळतो, माणूस खाली ओढला जातो, आणि दोघांमधे फक्त तोंडातली नळी. आमच्यातल्या एकाच्या बाबतीत उथळ पाण्यात सराव करताना हे घडलं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासापुरती देणारं साधन, तोंडातून निसटता निसटता राहिला. त्या दिवसापासून शिसं सिलिंडरच्याच पट्ट्यावर, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बांधतो. असा सिलिंडर घेणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या दिवसापासून हेच करावं.

एवढं झाल्यावर विकून टाकू असं माझं मत होतं. ते बदललं हरिपूरला, संगमाच्या खाली. वाट नाही, पोटरीपर्यंत गाळ, मधे जलपर्णी. जुना सिलिंडर व्हॉल्व्हसकट पंधरा किलोंच्या घरात, एकाच माणसाच्या खांद्यावर. हा साडेचार, भरला तर त्याहून थोडा जास्त. शिसं चौघांत वाटून नेता येतं, सिलिंडर वाटून नेता येत नाही. पाण्यात उतरणारा माणूस काठावर दमलेला पोचला नाही, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसलं. बुडी मारणाऱ्याचा दम काठावर संपला तर हवा चाळीस मिनिटांची असून उपयोग काय? त्यामुळं ठेवला. लांब चालायचं असेल तर हा, गाडी काठापर्यंत जात असेल तर ॲल्युमिनियमचा.

घेताना लेबल नीट वाचा. अग्निशमनवाले धुरात वापरतात ते सिलिंडर दिसायला असेच असतात, पण सगळे पाण्याखाली चालत नाहीत. आमच्यावर 'यूडब्ल्यू' अशी अक्षरं आहेत, ती पाण्याखालच्या वापरासाठी. बहुतेकांचं आयुष्यही ठरलेलं असतं, लेबलवर तारीख येते, त्यानंतर भरायचा नाही. स्टीलसारखा घासून रंगवून पुढं ढकलता येत नाही. दगडावर घासून धागे उसवले तर तपासून घेतल्याशिवाय भरू नका. आम्ही जुन्या सतरंजीचं कव्हर शिवून घातलंय, काम झाल्यावर काढून बघतो. तारकर्लीला नेला तर गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, कारण आतलं अस्तर ॲल्युमिनियमचं असेल तर खारं पाणी कार्बनच्या जोडीनं ते खातं. आणि समुद्रात शिसं आणखी वाढवावं लागतं.

रिब्रीदरसाठी (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं उपकरण) कार्बन फायबरचा छोटा घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. तिथं सिलिंडर दोन-तीन लिटरचेच असतात, वजन वाचून वाचणार किती! शिवाय श्वासाच्या पिशव्यांमुळं रिब्रीदर आधीच तरंगतो. तिथं मी स्टीलच घेईन.

आणि पैसे देण्याआधी एक काम करा. ज्याच्याकडं भरणार त्यालाच विचारा, किती बारपर्यंत भरतोस, आणि रेग्युलेटर 300 चा आहे का तेही बघा. 300 च्या व्हॉल्व्हची खाच खोल असते, 232 बारचा डिन (आट्यांवर फिरवून बसवायचा) रेग्युलेटर त्यात टेकत नाही.